पहिला फोन आणि दुसरा फोन: जॅझ, लोकसंगीत आणि पुण्यातला गिटारवादक

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २४, हिंजवडीत नोकरी, पाच वर्षं जॅझ गिटारचं शिक्षण, आणि गेलं दीड वर्ष मित्रांच्या ग्रुपमध्ये गोंधळ, भारूड, ओव्यांना गिटारची साथ. जॅझचे शिक्षक म्हणतात, लोकसंगीतात वेळ घालवलास तर हात बिघडेल. ग्रुपमधली मुलं म्हणतात, तुझे कॉर्ड फार ‘इंग्रजी’ वाटतात. घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. तुम्ही विचारलंय की दोन्हीतलं एक निवडावं का, दोन्ही सांभाळून पुण्यात करिअर होतं का, नोकरी कधी सोडावी, आणि शेवटी एका ओळीत, गिटार कोणती घ्यावी.

मी २६ वर्षं पुण्यात गिटार वाजवते आहे. पहिली पाच वर्षं नोकरी सांभाळून, नंतरची सगळी फक्त वाजवून आणि शिकवून. जॅझ हे माझं घर, पण त्या घराचा किराणा बऱ्याचदा भावगीतांनी, नाटकांनी आणि लोकसंगीताने भरला आहे. तुमचा प्रश्न माझाही प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरवर हा शैलीचा प्रश्न वाटतो. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या एकाच गोष्टीपाशी येतात: समोर जे संगीत चाललंय त्याला काय हवंय हे तुम्हाला ओळखता येतं का, आणि तेवढंच वाजवता येतं का. आमच्या धंद्यात पहिला फोन ओळखीवर येतो. कुणाचा तरी नेहमीचा गिटारवाला तापाने पडतो, कुणीतरी तुमचं नाव सुचवतं, तुम्ही बदली म्हणून जाता. दुसरा फोन मात्र त्या दिवशी तुम्ही काय वाजवलंत आणि काय वाजवायचं टाळलंत यावर येतो. माझ्या ओळखीतले जे वादक वीस-पंचवीस वर्षं टिकले, ते सगळे या दुसऱ्या फोनवर टिकले. त्यातल्या काहींचा हात माझ्यापेक्षा मंद आहे, तरी त्यांना बोलावणं येतंच.

पुढचं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, आईवडील तुमच्या पगारावर अवलंबून आहेत का, डोक्यावर कर्ज आहे का, तुम्हाला नोटेशन वाचता येतं का, शिकवायला आवडतं का. यातलं शिकवणं फार महत्त्वाचं, कारण ज्याला शिकवणं नकोसं वाटतं त्याचा या शहरातला पूर्ण वेळ वादकाचा हिशोब खूप अवघड होतो. माझी उत्तरं पुण्यात राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या आणि गर्दीत जाऊन वाजवायची तयारी असणाऱ्या माणसासाठी आहेत. मुंबईत किंवा परदेशात राहायचं असेल तर गणित बदलेल.

आता एक निवडावं का, याबद्दल. दोन्ही ठेवा, पण दोन्हीला सारखा वेळ देऊ नका. एका ठिकाणी खोल विहीर खणा. तुमच्या बाबतीत ती जॅझची आहे, पाच वर्षं खणून झाली आहे, ती अर्धी सोडू नका.

मी कॅम्पात एका गोव्याच्या सरांकडे शिकले. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेली होती. पहिलं वर्षभर त्यांनी मला एका कॉर्डमध्ये तीन स्वरांच्या पुढे जाऊ दिलं नाही. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर मूळ स्वर, चौथीवर सातवा, तिसरीवर तिसरा. मधली पाचवी तार बोटाच्या पोटाने मुकी करायची, पातळ दोन तारांना हात लावायचा नाही. तिसरा आणि सातवा हे दोन स्वर ऐकू आले की कॉर्डची ओळख पटते, बाकीचे दागिने. मग सर एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायला लावत. डी मायनर सेव्हनवरून जी सेव्हनवर जाताना एफ जागेवर राहतो आणि सी अर्धा सूर उतरून बी होतो, एवढीच हालचाल. ‘किती थोडं हललं की गाणं पुढे जातं, ते बघ,’ असं ते दर आठवड्याला म्हणत. मला तेव्हा कंटाळा यायचा. सोबतची मुलं वेगात सोलो वाजवत होती आणि मी तीन स्वर घेऊन बसले होते.

सरांचा आदर्श होता फ्रेडी ग्रीन. काउंट बेसी या अमेरिकन जॅझ पियानोवादकाच्या ऑर्केस्ट्रात हा गिटारवादक १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच वाजवत राहिला. मात्रेमागून मात्रा, चारही ठोके, सोलो जवळजवळ नाहीच. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये त्याची गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही, पण ती काढून टाकली तर सगळा ऑर्केस्ट्रा जमिनीवर पाय न टेकता चालल्यासारखा वाटेल. जॅझचं करिअर म्हणजे पुढे उभं राहून सोलो, अशी तुमची कल्पना असेल, तर महिनाभर फक्त त्याला ऐका.

ही विहीर मला नंतर कुठे उपयोगी पडली, तर काळी चारमध्ये. माझा पहिला दिवाळी पहाटचा कार्यक्रम, पहाटे पाचचा साउंडचेक, अंगात स्वेटर. गायिका म्हणाली, ‘काळी चार.’ म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा सा, ए-फ्लॅट. पुढचं गाणं काळी दोन, म्हणजे ई-फ्लॅट. त्यानंतरचं काळी पाच, बी-फ्लॅट. ज्याचा हात ओपन कॉर्डवर बसलेला असतो तो प्रत्येक गाण्याला कॅपो, म्हणजे पट्टी बदलायला तारांवर लावतात तो चाप, सरकवतो, आणि मधल्या निवेदनात सूर तपासत बसतो. मला काहीच करावं लागलं नाही. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाल्यांना सोयीचं म्हणून जॅझची निम्मी गाणी याच फ्लॅटच्या पट्ट्यांमध्ये असतात, मी वर्षानुवर्षं तिथेच राहत होते. तिसऱ्या गाण्याला गायिकेचा गळा जड झाला, तिने हार्मोनियमवाल्यांकडे बघून एक बोट खाली केलं, पट्टी अर्ध्या सुराने उतरली, आणि मी तिच्याबरोबर उतरले. त्या कार्यक्रमात मी एकही अवघड गोष्ट वाजवली नाही. आठवड्याभरात हार्मोनियमवाल्यांचा फोन आला, तो माझ्या आयुष्यातला पहिला ‘दुसरा फोन’.

तेव्हा तुमच्या शिक्षकांना आदराने सांगा की पाया इथलाच राहील.

आता तुमच्या ग्रुपची तक्रार, कॉर्ड ‘इंग्रजी’ वाटतात ही. ती खरी असणार, कारण मलाही तीच ऐकावी लागली होती. सिंहगड रोडवरच्या एका लहानशा स्टुडिओत देवीच्या गोंधळाचं रेकॉर्डिंग होतं. संबळ वाजवणारे काका परंपरेने गोंधळी घराण्यातले. मी जे येत होतं ते सगळं घेऊन गेले होते, नववा, तेरावा, सगळे दागिने. गायक दोनदा मुखड्यावर अडखळला आणि मला वाटलं त्याचाच सूर हलतोय. तिसऱ्या वेळी संबळवाल्या काकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. एक काठी सरळ, दुसरीचं टोक वळलेलं. मला म्हणाले, ‘ताई, तुम्ही गाणाऱ्याच्या जागेवर उभ्या राहताय.’

काय म्हणतायत ते कळायला मला चहा होईपर्यंत वेळ लागला. गायक जो गांधार, म्हणजे तिसरा स्वर, लावत होता तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधला होता, आणि ओळीगणिक थोडा वर-खाली होत होता. त्यातच त्या चालीचा जीव होता. मी मात्र कॉर्डमधून एक पक्का, फ्रेटला बांधलेला गांधार प्रत्येक मात्रेला वाजवत होते. त्याच्या स्वराला उभं राहायला जागाच ठेवली नव्हती. मग मी गिटार डॅडगॅडमध्ये लावली, म्हणजे जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. या जुळणीत मोकळ्या तारांमध्ये तिसरा स्वरच नाही. गायकाची पट्टी काळी दोन होती, म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवली, आवाज कोरडा केला, आणि जाड तीन तारांवर फक्त षड्ज-पंचम, तुणतुण्याच्या चालीने. बाकी काही नाही. काकांनी संबळावर हात टाकला आणि पहिल्याच फेरीत गाणं जमलं. गाणं संपल्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मात्र दुसऱ्या एका कामासाठी त्यांनीच माझं नाव सांगितलं.

ज्या तिसऱ्या स्वराची जागा शोधायला मी सरांकडे वर्ष घालवलं होतं, तोच इथे काढायचा होता. आणि तो कुठे आहे हे हाताला माहीत होतं म्हणूनच मला तो तीस सेकंदांत काढता आला. जॅझ आणि लोकसंगीत माझ्या हातात एकत्र आले ते याच ठिकाणी. ‘फ्यूजन’ म्हणून कुणी ठरवून केलेलं ते काही नव्हतं.

इथे एक धोक्याची खूण सांगून ठेवते. जॅझ शिकलेल्या मुलांना लवकरच कळतं की आपले थाट त्यांच्या पाश्चात्त्य स्वरावल्यांशी जुळतात: काफी थाट म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन. यात चूक काही नाही, पण त्यावर थांबू नका. भीमपलासची स्वरावली डोरियनचीच आहे, पण आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य. डोरियन म्हणून सरळ चढत गेलात तर भीमपलास पहिल्या ओळीतच मोडतो. लोकगीतांत तर चाल, शब्द आणि ठेका हेच सगळं, तिथे स्केलचं नाव आणखी कमी उपयोगाचं. जात्यावरची ओवी वाजवायची असेल तर आधी ती पाठ म्हणता आली पाहिजे, श्वास कुठे घेतला जातो हे माहीत पाहिजे. गिटार नंतर.

आणि ज्यांच्याकडून चाल घेतली त्यांचं नाव मंचावरून घ्या, पोस्टरवर टाका, पैशात त्यांचा वाटा ठेवा. गोंधळी, वासुदेव, शाहीर यांच्या घरांनी ही गाणी पिढ्यानपिढ्या जपली आहेत. शहरातल्या कॅफेत त्यांच्या चालीवर टाळ्या घ्यायच्या आणि त्यांना साधं बोलवायचंही नाही, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या ग्रुपमध्ये या घरांतला एकही माणूस नसेल, तर पहिलं काम तेच करा.

‘हात बिघडेल’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते हातापेक्षा तालाबाबत. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, अर्ध्या मात्रांची वाटणी लांब-आखूड होते, भजनी ठेक्यात वजन वेगळ्या ठिकाणी पडतं. दिवाळीच्या दिवसांत तीन आठवडे फक्त भावगीतं वाजवून मी जॅझच्या कार्यक्रमाला बसते तेव्हा माझा स्विंग लाकडासारखा झालेला असतो. मग मी चार-पाच दिवस मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवून साध्या गाण्याची नुसती साथ करते, सोलो नाही. परत जागेवर येतं. दोन्हीचा रियाझ एकाच तासात करू नका, मध्ये जेवण, झोप किंवा ऑफिस जाऊ द्या, एवढंच पथ्य.

तुम्ही एकटे या वाटेवर नाही, आणि ही वाट आजची नाही. डॅडगॅड ही जुळणी रुजवणारा गिटारवादक डेव्ही ग्रॅहम इंग्लंडचा. मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर बसता यावं म्हणून त्याने ती शोधली, आणि त्याच हाताने तो जॅझ, ब्लूज आणि इंग्लंड-आयर्लंडची लोकगीतं वाजवत होता. आपल्या मुंबईत जन्मलेले अमान्सिओ डिसिल्व्हा जॅझ गिटार घेऊन लंडनला गेले आणि १९६९ मध्ये जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यांनी रेकॉर्ड केली. त्यांच्या वाजवण्यात हिंदुस्थानी वळणं सहज येतात, चिकटवलेली वाटत नाहीत. आणि अमेरिकन जॅझ गिटारवादक बिल फ्रिझेल तर आपल्या काळातलं उदाहरण. १९५१ चा जन्म, जॅझ गिटारवादक जिम हॉलकडे शिकलेला. अमेरिकेतल्या ब्लूग्रास या लोकसंगीताच्या वादकांना घेऊन त्याने ‘नॅशव्हिल’ ही रेकॉर्ड काढली १९९७ मध्ये. त्याआधी पंधरा-एक वर्षं तो जॅझमध्ये ठामपणे उभा होता. लोकसंगीताकडे तो आला तेव्हा त्याचा आवाज तयार होता, म्हणून दोन सुरांत तो ओळखू येतो. लोकांना याची रुंदी दिसते. आधीची खोली दिसत नाही.

पैशांबद्दल आता स्पष्ट बोलू, कारण याविषयी आमच्यात फार कमी बोललं जातं. मी वही ठेवते. मागच्या आर्थिक वर्षात मला मिळालेल्या दर शंभर रुपयांत साधारण ४५ शिकवण्याचे होते, २५ भावगीतं, दिवाळी पहाट आणि लोकसंगीताच्या कार्यक्रमांचे, १५ नाटकांच्या नाइट आणि रेकॉर्डिंगचे, १० लग्नं आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांचे, आणि ५ जॅझचे. पाचच. पण माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण कोरेगाव पार्कात किंवा बाणेरला कुठेतरी मला जॅझ वाजवताना ऐकूनच येतात. नाटकवाले बोलावतात तेही ‘तू जॅझवाली, जरा वेगळं सुचवशील’ म्हणून. ते पाच रुपये बाकीच्या पंचाण्णवांना ओढून आणतात. तुमची वही वेगळी दिसेल, पण जॅझच्या रकान्याकडून घरभाड्याची अपेक्षा ठेवू नका. मग तिथे मनासारखं वाजवता येतं.

पुण्याचं वर्षही सरळ रेषेत जात नाही. जून ते ऑगस्टचा मध्य हा कोरडा काळ, पाऊस असला तरी. चातुर्मासात लग्नं नाहीत, कॅफेंमध्ये माणसं कमी. मग गणपतीत सोसायट्या आणि मंडळं, पितृपंधरवड्यात पुन्हा शांतता, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट एकामागोमाग. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, डिसेंबरात कंपन्यांचे कार्यक्रम, फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने काव्यगायनाची कामं. मार्चमध्ये परीक्षांमुळे क्लासची मुलं गळतात, एप्रिल-मेमध्ये परत येतात. नोव्हेंबरची कमाई बघून खुशीत येऊन नवी गिटार घेतली आणि जुलैमध्ये वीजबिल कसं भरायचं हे सुचेना, असं माझं एकदा झालं आहे. नोव्हेंबरचे पैसे जुलैचे असतात, असं धरून चाला.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. माझी कसोटी अशी: बारा महिने वही ठेवा. गिटारमधून येणाऱ्या पैशांत तुमचा अगदी गरजेचा खर्च किमान आठ महिने भागला, आणि त्यातली निम्मी कामं दुसऱ्या फोनची असली, म्हणजे आधी ज्यांच्याकडे वाजवलं त्यांनीच परत बोलावलेली, तर विचार सुरू करा. त्यावर सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला हवा. पहिल्या फोनची कामं कितीही आली तरी ती मोजू नका, ती नशिबाची असतात.

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला दिवसा कारखान्यात काम करायचा आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा. घरी मोठं कुटुंब होतं. रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीशी त्याचा करार झाला १९५९ मध्ये, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. अंगठ्याने वाजवलेले त्याचे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, आज जगभरचे विद्यार्थी उतरवून घेतात. नोकरी आहे म्हणजे आपण खरे वादक नाही, ही टोचणी तुमच्या पत्रात मला जाणवली, म्हणून हे सांगितलं. झोप मोडून दोन्ही करा असं मात्र मी म्हणणार नाही. वेस ४५ व्या वर्षी गेला. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवार एवढंच ठेवा, पण ते ठेवाच.

त्या वेळात काय करावं? नाटकाकडे वळा, असं मी सुचवेन. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत कॉलेजच्या मुलांना प्रत्यक्ष वाजवणारा माणूस हवा असतो. पैसे जवळजवळ नसतात, पण तिथे दिग्दर्शक सांगतो, ‘इथे आईला पत्र मिळतं, आठ सेकंदं दे.’ आठ सेकंदांत एक भाव, कधी दोन स्वरांत. याहून चांगला रियाझ मला माहीत नाही. त्याच मुलांतली काही पाच वर्षांनी सुदर्शन रंगमंचावर किंवा भरत नाट्य मंदिरात स्वतःची नाटकं करतात आणि तुम्हाला आठवणीने बोलावतात. मुंबईची रेकॉर्डिंग पुढे येतील. डेक्कन क्वीनने सकाळी सव्वासातला निघून दादरला उतरणं आणि रात्री उशिरा परतणं नोकरीच्या दिवशी जमत नाही, त्याचा ध्यास आत्ता घेऊ नका.

व्यवहाराचं एक. सुरुवातीला एका आयोजकाने माझे तीन कार्यक्रमांचे पैसे नऊ महिने अडकवले, आणि शेवटी अर्धेच दिले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून मी काम ठरलं की त्याच दिवशी एक मेसेज पाठवते: ‘ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला, साउंडचेक चार वाजता, कार्यक्रम सात ते साडेनऊ, मानधन इतकं, प्रवास वेगळा, निम्मे आगाऊ, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी. बरोबर आहे ना?’ समोरून ‘हो’ आलं की झालं. चांगल्या माणसांना याचा राग येत नाही. आणि तुम्ही स्वतः काही रचलं असेल तर श्रेयाचं आधी बोला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे, पण तुमचं नाव रचनाकार म्हणून कागदावर नसेल तर तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही. दुसऱ्याच्या गाण्याला साथ केलीत तर ठरलेलं मानधन, आणि आपली रचना असेल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत नोंद, एवढा फरक आत्तापासून लक्षात ठेवा.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: जॅझ मूळ ठेवा, लोकसंगीत माणसांकडून शिका, वही ठेवा, आणि नोकरीचा निर्णय दुसऱ्या फोनच्या मोजणीवर सोडा.

राहिली गिटार. सध्या एकच घेता येणार असेल तर पिकअप बसवलेली चांगली अकूस्टिक घ्या. ती तालमीत, नाटकात, सोसायटीच्या गणपतीत सगळीकडे चालते. जॅझसाठीची पोकळ अंगाची इलेक्ट्रिक दुसऱ्या टप्प्यात. तोवर कुणाची तरी उसनी मिळते, मला तीन वर्षं सरांचीच मिळाली. तारा अकूस्टिकवर १२ च्या जाडीच्या लावा. डॅडगॅडमध्ये तीन तारा एका सुराने उतरतात, पातळ तारा तिथे लुळ्या पडतात आणि खालच्या डीचा आवाज फडफडतो. पुण्याची हवा लक्षात ठेवा. मे महिन्यात कोरडेपणाने फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, जुलैत दमटपणाने गिटारचं पोट फुगतं आणि तारा वर येतात. वर्षातून दोनदा सेटअप करून घ्या, पावसाळ्यात गिटार भिंतीला न टांगता केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि ग्रुपची पुढची तालीम असेल तेव्हा नव्या गिटारची वाट न बघता, आहे तीच डॅडगॅडमध्ये लावा, तिसरा स्वर काढा आणि एक पूर्ण गोंधळ षड्ज-पंचमावर वाजवून बघा. झाल्यावर जी गात असेल तिला विचारा, तिला जागा मिळाली का.